सोलापुरात फ्लॅट भाड्याने द्यायचाय: करार रजिस्टर करावा की नोटरी पुरे? डिपॉझिट, पाणी, टॅक्स, सगळंच विचारायचंय

जुळेकर
नमस्कार मंडळी. बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. हातात आलेल्या पैशांतून जुळे सोलापुरात एक जुना टू बीएचके घेतला, ३१ लाखांना. आईच्या नावावर. आम्ही स्वतः बाळीवेशीतल्या घरातच राहतो, मी नोकरीसाठी पुण्यात. म्हणजे हा फ्लॅट भाड्यासाठीच.

भाडेकरू मिळालेत. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला, बायको, दोन लहान मुलं. भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,००० असं बोलणं झालंय. एजंट म्हणतो, स्टँपपेपरवर अकरा महिन्यांची नोटरी करून टाकू, सगळे असंच करतात. बाबांना तर तेही नको. मामांच्या ओळखीतली माणसं आहेत, कागद पुढे केला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणतात. मी म्हणते रजिस्टरच करायचा. तीन दिवस आमच्याकडे जेवताना फोनवर हाच विषय.

ज्यांची एक-दोन घरं भाड्याने आहेत त्यांनी अनुभव सांगा. उद्या माणूस निघालाच नाही तर काय होतं? आणि एवढे पैसे अडकवून ९,००० भाडं म्हणजे आम्ही चुकलो का, हेही मनात आहेच.

सातरस्ता
रजिस्टर करा. याच्यावर जेवण खराब करू नका.

काळा_कोट
जुळेकर, मी सोलापुरातच वकिली करते. घरमालक-भाडेकरू दावे रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचा हक्क न देता, ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी) करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरा फटका वेगळाच बसतो. करार नोंदवलेला नसेल तर घर कोणत्या अटींवर घेतलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तो म्हणाला भाडं ९,००० नाही ४,००० ठरलं होतं आणि मी कायमचा भाडेकरू आहे, तर नोटरीचा कागद घेऊन तुम्ही उभे.

"अकरा महिने" कुठून आलं? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभराहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ते टाळायला लोक अकरा महिने लिहू लागले. महाराष्ट्रात ही पळवाट कलम ५५ ने बंद केली, पण सवय राहिली. अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा फायदा कलम २४ मध्ये आहे. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागायची असते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानतात.

काळा_कोट
खर्चाचं राहिलं. स्टँप ड्यूटी एकूण भाड्यावर, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १०% दराने व्याज धरून, त्या बेरजेच्या ०.२५%. तुमचं गणित: ९,००० गुणिले ११ म्हणजे ९९,०००. ३०,००० वर अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज १,०१,७५०. त्याचे पाव टक्का २५४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन आधार आणि अंगठा घेणाऱ्याची मजुरी वेगळी. सगळं ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी लोक नोटरीवर का थांबतात, मला खरंच कळत नाही.

हातमाग
सगळ्यांचं वाचलं. मी जरा वेगळं सांगायलोय, राग मानू नका.

पूर्व भागात आमच्या सहा खोल्या आहेत, वडिलांनी बांधलेल्या. भाडेकरू सगळे यंत्रमागावरचे नाहीतर विडीकाम करणारे. तेलुगू बोलणारी माणसं, आम्हीपण तेच. ३५ वर्षांत एक कागद केला नाही आणि एक माणूस कोर्टात गेला नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा दोन घरांनी सात-सात महिने भाडं दिलं नाही. वडील त्यांच्या दारात गेले नाहीत. काम लागल्यावर दोघांनीही थोडं थोडं करून फेडलं. एकाची मुलगी आता नर्स आहे, दिवाळीला आमच्याकडं येते.

आता हा माणूस आला असता आणि आम्ही म्हटलं असतं आधार दे, अंगठा दे, दोन साक्षीदार आण, तर तो आलाच नसता. त्याच्याकडं डिपॉझिटचे पाच हजारसुद्धा नसतात. कायदा खरा आहे, पण माणूस बघून घर द्यायचं हे कागदापेक्षा मोठं आहे असं माझं मत.

पेठेतला
हातमाग, तुमच्या वडिलांना नमस्कार. आमच्या आजोबांनीही माणूस बघूनच दिलं होतं. ऐका.

आमचा पेठेत वाडा. १९६८ साली आजोबांनी मागच्या दोन खोल्या एका शिक्षकांना दिल्या, ३५ रुपये भाड्याने. अतिशय सज्जन माणूस, माझ्या वडिलांना गणित त्यांनीच शिकवलं. ते गेले, मुलगा राहिला. मुलगा स्वतःच्या घरात विजापूर रोडला गेला, पण खोल्यांना कुलूप लावून. भाडं तोवर १५० झालं होतं आणि ते दरमहा मनीऑर्डरने न चुकता यायचं. कायद्याने वर्षाला ४% वाढवता येतं, १५० चे ४% म्हणजे सहा रुपये!

पावसात मागची भिंत पडायला आली. दुरुस्तीला आत जाऊ देत नव्हते. शेवटी वडिलांनी दावा लावला: सहा महिन्यांहून जास्त काळ विनाकारण वापर नाही, आणि आम्हाला स्वतःला गरज आहे. अकरा वर्षं चालला. वडील तारखांना जायचे, त्यांच्यानंतर मी. अखेर समेट झाला, काही रक्कम देऊन किल्ली घेतली. आत त्या शिक्षकांचा फळा तसाच भिंतीवर होता. मला वाईट वाटलं ते याचं, की दोन चांगल्या घरांचं नातं त्या अकरा वर्षांत संपलं. पहिल्या माणसांचं एकमेकांशी काहीच वाकडं नव्हतं. ते गेल्यावर काय ठरलं होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही.

हातमाग
पेठेतला, हे मनाला लागलं. माझी मुलं खोल्या बघतील तेव्हा भाडेकरूंची मुलं समोर असतील. हे मी कधी धरलंच नव्हतं.

लिंबोणी
पण बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं ना? आमच्या शेजारी या भीतीने दर दोन वर्षांनी माणूस बदलतात.

काळा_कोट
लिंबोणी, नाही. मालकाच्या परवानगीने राहणारा भाडेकरू नुसती बारा वर्षं काढून मालक होत नाही. त्याचा ताबा तुमच्याच संमतीचा असतो. शेजाऱ्यांनी चांगला भाडेकरू या भीतीने घालवू नये, करार नवा करत राहावं. मात्र एक सांभाळा: मुदत संपली, नवा करार नाही, आणि भाडं मात्र गुपचूप खात्यात येतंय, असं महिनोन्महिने ठेवू नका. मग "नवीन तोंडी बोली झाली" हा मुद्दा उभा राहतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी फोनवर आठवण लावा.

किल्लीवाली
सगळे घरमालक बोलताय, एक भाडेकरूपण बोलते. मी नर्स आहे, सोलापुरात सहा वर्षांत चार घरं बदलली.

एकटी बाई म्हटलं की पहिला प्रश्न "कोण कोण येणार?" नाइट ड्यूटी सांगितली की दुसरा. मग जात, मग मटण. दोन ठिकाणी मालकीणबाईंनी किल्ली परत मागितली, सामानाचा टेम्पो दारात असताना. तिसऱ्या घरात चांगलं चाललं होतं, पण सोडताना २५,००० डिपॉझिटमधले १४,००० रंगाचे म्हणून कापले. रंग माझ्या आधीच्या भाडेकरूच्या वेळचाच होता. कागद नोटरीचा, त्यात रंगाबद्दल एक अक्षर नाही. भांडायला गेले तर म्हणाले, कोर्टात जा.

म्हणून जुळेकर, बाबांना सांगा, रजिस्टर करार मागितला की भाडेकरूला अपमान वाटत नाही. मला तर हायसं वाटतं. आताच्या मालकांनी स्वतःहून केला. पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत चालला, गॅसला चालला. डिपॉझिट किती दिवसांत परत, कशाचे पैसे कापणार, सगळं लिहिलंय. मी घर माझंच असल्यासारखं ठेवते.

सातरस्ता
किल्लीवाली, टेम्पो दारात असताना किल्ली मागितली हे वाचून फार वाईट वाटलं. आमच्या सासूबाईंच्या दोन खोल्या आहेत, पुढच्या वेळी नर्सच बघू असं आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. "आधी का नाही सांगितलंस," म्हणाल्या.

हौद_भरला_का
कायदा झाला, आता मूळ मुद्दा. सोलापुरात घर भाड्याने द्यायचं म्हणजे पाणी भाड्याने द्यायचं. पुण्या-मुंबईचे लोक पार्किंग विचारतात, आपल्याकडे माणूस आधी विचारतो, "पाणी किती दिवसाआड? हौद किती लिटरचा?"

उजनी भरलेलं असलं तरी आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, हे वर्षानुवर्षं बघतोय. चार माणसांना दिवसाला चारशे लिटर धरले तर पाच दिवसांचे दोन हजार. वरची टाकी हजाराची असेल आणि खाली हौद सामाईक असेल, तर चौथ्या दिवशी भाडेकरूचा फोन ठरलेला. जुळेकर, हे आधी तपासा: खालच्या हौदात तुमच्या फ्लॅटचा वाटा किती, मोटर कोण सोडतं, नवरा-बायको दोघं कामावर असताना पाणी आलं तर कोण भरून ठेवतं. बोअर असेल तर उन्हाळ्यात टिकतो का आणि पाणी खारं आहे का. टँकर मागवला तर पैसे कुणी द्यायचे, हे करारात एका ओळीत घालाच. माझ्या दोन्ही फ्लॅटमध्ये निम्मे-निम्मे लिहिलंय, चार वर्षांत वाद नाही.

आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. एप्रिल-मेमध्ये रात्री भिंती भाजतात. आमचा पहिला भाडेकरू मे महिन्यातच सोडून गेला होता, कारण विचारलं तर म्हणाला, लहान बाळ झोपत नाही.

लिंबोणी
आमच्या अपार्टमेंटमध्ये लग्नाची तारीख काढतानासुद्धा आधी पाण्याचा वार बघतात. :)

आकडेमोड
जुळेकर, शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून घेतो.

वर्षाचं भाडं १,०८,०००. ३१ लाखांवर साडेतीन टक्क्यांच्या आत. त्यात एखादा महिना रिकामा, घरपट्टी, मेंटेनन्स, दर दोन-तीन वर्षांनी रंग, कधी मोटर, कधी गळती. हातात अडीच टक्के पडतील असं धरा. मुदत ठेव याहून जास्त देते. भाड्यासाठी म्हणून फ्लॅट घेतला असेल तर हिशेब जमत नाही. पुढेमागे स्वतः राहायला किंवा किंमत वाढेल म्हणून घेतला असेल तर वेगळं. चुकलात असं म्हणत नाही, पण दुसरा फ्लॅट घ्यायचा मोह झाला तर हा आकडा आठवा.

टॅक्समध्ये दोन गोष्टी. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, मग उरलेल्यावर सरसकट ३०% सूट, पावत्या लागत नाहीत. घरपट्टी ६,००० भरली असेल तर १,०२,००० वर ३०% जाऊन ७१,४०० करपात्र. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: घर आईच्या नावावर असलं तरी पैसे बाबांचे आहेत. नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावाने घेतलेल्या घराचं भाडं नवऱ्याच्या उत्पन्नातच धरतात. आईच्या रिटर्नमध्ये दाखवून मोकळे होऊ नका.

होटगीरोड_ते_दुबई
आकडेमोड यांच्या लिखाणाला जोड. मालक परदेशी राहत असेल तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. ५०,००० महिना ही मर्यादा भारतात राहणाऱ्या मालकांसाठी आहे. माझ्या भाडेकरूला हे माहीतच नव्हतं, मलाही तीन वर्षांनी कळलं आणि निस्तरताना दोघांचे हाल झाले. भाऊ कुलमुखत्यार आहे म्हणून करार तरी सुरळीत होतो.

विडीघरकुल
आमच्या ग्रुपवर मेसेज आलाय की आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेतलं तर गुन्हा. जुळेकरांचे ३०,००० म्हणजे तीन महिन्यांच्या वर झाले. खरं काय?

काळा_कोट
तो मेसेज मलाही रोज येतो. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. तरी दोन-तीन महिन्यांहून जास्त घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. हातमाग म्हणाले तसं, कित्येकांकडे तेवढेही नसतात.

आणखी एक, कारण दर उन्हाळ्यात हे प्रकरण येतं: भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. कलम २९ नुसार अत्यावश्यक सुविधा बंद करता येत नाही. एरवी तुमची बाजू खरी असते आणि एका व्हॉल्व्हपायी तुम्हीच आरोपी होता.

सेक्रेटरी_आजोबा
सोसायटीच्या बाजूने दोन शब्द. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवायचं असतं, करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. भाडेकरू ठेवल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १०% च्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या आदेशाने. आमच्याच सोसायटीत पूर्वी महिना ५०० घ्यायचे, मी सेक्रेटरी झाल्यावर बंद केलं आणि चार मित्र गमावले.

पोलीस आयुक्तालयाकडे भाडेकरूची माहिती देणं विसरू नका. करार झाला त्याच दिवशी देऊन टाका.

हौद_भरला_का
वीजमीटरचं कुणी बोललं नाही. एका मीटरवर तीन खोल्या चालवल्या की युनिटं एकत्र होऊन वरच्या दराच्या टप्प्यात जातात आणि प्रत्येकाला वाटतं मालक जास्त घेतोय. शक्य असेल तिथे महावितरणचा वेगळा मीटर घ्या. ताबा देताना रीडिंगचा, नळांचा, खिडक्यांच्या काचांचा मोबाइलवर व्हिडिओ, भाडेकरू सोबत असताना. किल्लीवालींचे १४,००० अशा पाच मिनिटांच्या व्हिडिओने वाचले असते.

किल्लीवाली
हो. आताच्या घरात मीच काढला, मालकांना पाठवला. त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला.

जुळेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पेठेतला यांचा फळा आला तिथे बाबा गप्प झाले. किल्लीवालींचं वाचल्यावर त्यांनी स्वतः भाडेकरूंना फोन केला, "करार नोंदवायचाय, तुम्हालाही उपयोगी पडेल." पलीकडून वहिनी म्हणाल्या, मुलीच्या शाळेत रहिवासाचा पुरावा मागितलाय, आम्हीच विचारणार होतो!

शनिवारी अंगठे झाले. मुदत २४ महिने, दुसऱ्या वर्षी भाडं ९,५००, सोडायला दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, डिपॉझिट किल्ली दिल्यापासून १५ दिवसांत परत, रंगाचे पैसे नाहीत, टँकर निम्मे-निम्मे. डिपॉझिट आम्ही २०,००० वर आणलं. टॅक्सचं आता बाबांच्या रिटर्नमध्येच जाईल.

हौद_भरला_का, तुमच्यामुळे खाली जाऊन बघितलं. हौदातून आमच्या टाकीला जाणारा पाइप अर्धा गंजून बंद होता! आधीचे मालक एकटेच राहायचे, त्यांना कधी कळलंच नसावं. ३,२०० खर्च आला, पण भाडेकरू यायच्या आधी झालं.

हातमाग
जुळेकर, छान केलंत. सहा खोल्यांपैकी दोघांशी काल बोललो. एक म्हणाला, "भाडं वाढवणार का?" नाही म्हटलं, जे चालू आहे तेच लिहू. मग तयार झाला. डिपॉझिट शून्य लिहिलं तर चालतं का, तेवढं काळा_कोट यांना विचारायलोय. आणि तो अंगठा घेणारा माणूस पूर्व भागात येतो का?

काळा_कोट
शून्य डिपॉझिट चालतं, स्टँप ड्यूटी फक्त भाड्यावर लागेल. मात्र जुने भाडेकरू आहेत, त्यांना नुसता लिव्ह अँड लायसन्सचा कागद पुढे करू नका. ३५ वर्षांत त्यांचे हक्क तयार झालेत, ते त्यांना न सांगता काढून घेतल्यासारखं होईल. आधी सगळ्यांची राहायला आल्याची वर्षं आणि आताचं भाडं लिहून आणा, मग बसून ठरवू कुणाचा कोणता कागद. माणूस पूर्व भागात येतो, मी पाठवते. मंगळवार चालेल?

हातमाग
मंगळवारी पाणी आहे, सगळे मोटारीजवळ असतात. बुधवारी पाठवा.